संक्रांतीची प्रश्नमंजूषा

इंग्लंडच्या मध्यभागातील ज्या गावात आम्ही पुष्कळ वर्षे राहिलो, तेथील मराठी मंडळाचे वर्षाला चार कार्यक्रम होत असत. गणेशोत्सव, दिवाळी आणि उन्हाळ्यातील सहल हे तीन कुठल्याही मंडळाचे असतात तसेच होते. पण संक्रांतीनंतरच्या शनिवारी होणारा तिळगूळ समारंभ मात्र खास आमचा होता, कारण त्या संध्याकाळी हळदीकुंकू आटोपले की जेवणापूर्वी दोन तास ब्रिटनविषयीच्या सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा रंगत असे. चर्चलगतचे भाड्याचे सभागृह, भिंतीपाशी कढत होऊनही खोली गरम न करणारे हीटर, स्वयंपाकघरातून येणारा मसालेभाताचा वास आणि अंगावर काळी पैठणी व त्यावर लोकरी कोट अशा वेशात प्रश्नपत्रिकेवर वाकलेल्या वहिनी, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर अजून जसेच्या तसे आहे.

१९९७ च्या संक्रांतीला हे सुरू झाले, आणि त्याला कारण झाली एका सभासदाची फजिती. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांना मोठ्या आग्रहाने पबमधील प्रश्नमंजूषेला नेले होते. आठवड्यातील एखाद्या मंद संध्याकाळी गिऱ्हाईक यावे म्हणून पबवाल्यांनी १९७० च्या दशकात ही प्रथा देशभर रुजवली. टेबलागणिक एक गट, सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकावरून विचारलेले प्रश्न, कागदावर लिहिलेली उत्तरे आणि शेवटी शेजारच्या टेबलाने तपासलेले गुण, असा तिचा रिवाज असतो. मुंबई विद्यापीठात पहिल्या वर्गात आलेल्या आमच्या या गृहस्थांना त्या रात्री एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ‘ज्या देशात कर भरतो त्या देशाविषयी मला काहीच ठाऊक नाही,’ असे त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितले, आणि पुढच्याच महिन्यात ते स्वतः सूत्रसंचालक म्हणून उभे राहिले.

भूगोल, इतिहास, खेळ आणि मनोरंजन अशा चार फेऱ्या, प्रत्येकीत दहा प्रश्न आणि गटांना किल्ल्यांची नावे, हे पहिल्याच वर्षी ठरले. गट कसा असावा याचा नियम मात्र नामी होता. सहाजणांत एक शाळकरी मूल, एक नुकताच भारतातून आलेला माणूस आणि कोणाचे आई-वडील त्या दिवसांत येथे आलेले असतील तर त्यांच्यापैकी एक, एवढे असलेच पाहिजेत. जुन्या जाणत्यांनी एकत्र येऊन दरवर्षी ढाल पळवू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण त्यामुळे कित्येक उत्तरे भलत्याच टोकाकडून येऊ लागली. पहिली चार वर्षे मी गुणलेखक होतो आणि नंतर प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे आले.

सर्वांत जास्त भांडणे भूगोलाच्या फेरीत होत. याचे कारण आपल्या भाषेतच आहे, कारण आपण घरी या सगळ्या प्रदेशाला इंग्लंड म्हणतो, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तर ‘विलायत’ हा एकच शब्द पुरत असे. ‘इंग्लंडमधील सर्वांत उंच पर्वत कोणता?’ या प्रश्नाला कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी बेन नेव्हिस असे ठासून लिहिले आणि गुण गमावला. बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच आहे खरा, पण तो स्कॉटलंडमध्ये आहे. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर म्हणजे ९७८ मीटरचे स्कॉफेल पाइक. डॉक्टर काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे दोन्ही कळसूबाईपेक्षा ठेंगणीच की!’ कळसूबाई १,६४६ मीटर असल्यामुळे या विधानाला कोणालाच हरकत घेता आली नाही. त्या उन्हाळ्यात ते बेन नेव्हिस चढून आले आणि पुढच्या संक्रांतीला शिखरावरील आपले छायाचित्र त्यांनी तिळगुळाच्या डब्याशेजारी मांडून ठेवले.

मी स्वतः काढलेल्या पहिल्याच प्रश्नपत्रिकेत याच गोंधळात पाय घसरून पडलो. ‘ब्रिटनमधील सर्वांत मोठे सरोवर कोणते?’ असे मी विचारले होते आणि माझ्या कागदावर लॉक लोमंड हे उत्तर होते. उत्तरपत्रिका आल्या तेव्हा एका गटाने उत्तर आयर्लंडमधील लॉक नेय, दुसऱ्याने लॉक नेस आणि तिसऱ्याने विंडरमिअर असे लिहिलेले आढळले, आणि दुर्दैव असे की तिघांनाही आपले म्हणणे सिद्ध करता येत होते. संपूर्ण युनायटेड किंगडमचा विचार केला तर क्षेत्रफळात लॉक नेय पहिले येते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स ज्या बेटावर आहेत त्या ग्रेट ब्रिटनपुरते पाहिले तर लॉक लोमंड. पाण्याचे एकूण आकारमान मोजले तर लॉक नेस. आणि ‘ब्रिटन म्हणजे आपले इंग्लंडच’ असे धरले तर विंडरमिअर. अर्धा तास वाद चालला, बटाटेवडे गार झाले, आणि शेवटी चौघांनाही गुण देऊन मी सुटका करून घेतली. तेवढ्यात येथेच जन्मलेली एक मुलगी उठून म्हणाली, की लेक डिस्ट्रिक्टमधील एकट्या बॅसनथ्वेटच्याच नावात ‘लेक’ हा शब्द आहे, बाकीच्यांच्या नावांत ‘मिअर’, ‘वॉटर’ किंवा ‘टार्न’ असते, तेव्हा सर्वांत मोठे ‘लेक’ तेच. तळे, तलाव आणि डोह यांत फरक करणाऱ्या भाषेच्या लोकांना हे पटायला वेळ लागला नाही. त्या वर्षापासून प्रत्येक प्रश्नापुढे ‘युनायटेड किंगडममधील’, ‘ग्रेट ब्रिटन बेटावरील’ किंवा ‘इंग्लंडमधील’ हे शब्द मी न चुकता लिहू लागलो.

शहर या शब्दानेही असाच घोळ घातला. आपल्याकडे वस्ती वाढली की गावाचे शहर होते. येथे मात्र तो दर्जा राजसत्तेकडून मिळावा लागतो. त्यामुळे दोन हजारांहून कमी लोकवस्तीचे, कॅथीड्रलभोवती वसलेले वेल्समधील सेंट डेव्हिड्स हे देशातील सर्वांत लहान शहर ठरते, आणि दीड लाखावर वस्ती असलेले रेडिंग मात्र अजून गावच राहते. रटलंडची कथा तर आम्ही चालू काळात पाहिली. १९७४ साली लेस्टरशायरमध्ये विलीन केलेला हा चिमुकला परगणा १९९७ च्या एप्रिलमध्ये पुन्हा स्वतंत्र झाला, म्हणजे आमच्या पहिल्या प्रश्नमंजूषेतील एक उत्तर तीन महिन्यांतच जुने झाले. समुद्रकिनाऱ्यापासून सर्वांत दूर असलेले कोटन इन द एल्म्स हे खेडे आमच्याच भागात, डर्बीशायरमध्ये आहे, आणि ते अंतर जेमतेम ७० मैल आहे, हे कळल्यावर मूळच्या मालवणच्या एका काकूंनी ‘तरीच येथे ताजा बांगडा मिळत नाही’ असा निष्कर्ष काढला होता.

इतिहासाची फेरी मला विशेष प्रिय होती. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५ चा रनीमीड येथील मॅग्ना कार्टा, १८१२ साली संसदेच्या आवारातच गोळी लागून मेलेले स्पेन्सर पर्सिव्हल हे हत्या झालेले एकमेव ब्रिटिश पंतप्रधान, ही ठरावीक उत्तरे पाठ करणारे लोक होतेच. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांसाठी येथील मुलांना शाळेत एक ओळ शिकवतात, एका शिक्षिकेने तिचे ‘काडीमोड, शिरच्छेद, मृत्यू, काडीमोड, शिरच्छेद, उरली’ असे मराठी करून पाढ्याच्या चालीवर मुलांकडून घोकून घेतले होते. १७५२ साली ब्रिटनने पंचांग सुधारले तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, या प्रश्नावर पुण्याहून आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी ‘यांनी अकरा क्षयतिथी एकदमच घेतल्या’ असा शेरा मारला, आणि तो इतका गाजला की सूत्रसंचालकांना सभागृह शांत करायला पाच मिनिटे लागली. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी एका पौंडात किती पेन्स असत, हे येथे वाढलेल्या एकालाही सांगता आले नव्हते. आणे-पै वापरून बाजार केलेल्या आजोबांनी मात्र बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब तोंडी मांडून २४० हे उत्तर दिले.

तथापि उत्तम प्रश्न कोणता असे मला विचाराल, तर ज्याचे उत्तर माणसाला ठाऊक असते पण ठाऊक आहे हे ठाऊक नसते, तो. ‘शिवराज्याभिषेकाच्या वेळी इंग्लंडच्या गादीवर कोण होते?’ हा प्रश्न मी विचारला तेव्हा सारे सभागृह स्तब्ध झाले. १६७४ हे साल सर्वांना पाठ होते आणि १६६६ च्या लंडनच्या आगीच्या वेळी दुसरा चार्ल्स राजा होता हेही पुष्कळांना माहीत होते. पण हे दोन धागे एकमेकांना जोडण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते. याच चार्ल्सला पोर्तुगालच्या कॅथरीनशी झालेल्या विवाहाच्या तहात मुंबई मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंड हा आकडा ऐकून गिरगावात वाढलेले एक गृहस्थ जे हळहळले, ते जेवणाच्या पंगतीपर्यंत हळहळतच होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून केवळ पाच मतांनी निवडून येऊन ब्रिटिश संसदेत बसले, हा प्रश्न मी तीन निरनिराळ्या वर्षी तीन प्रकारे फिरवून विचारला आणि कोणीही तक्रार केली नाही.

खेळाच्या फेरीत १९६६ चा फुटबॉल विश्वचषक, त्याच्या अंतिम सामन्यातील जेफ हर्स्टचे तीन गोल आणि चोरीला गेलेला तो चषक हुडकून काढणारा पिकल्स नावाचा कुत्रा हे प्रश्न मुले हातोहात सोडवत. आमची खरी मिजास क्रिकेटमध्ये होती. २४ ऑगस्ट १९७१ या दिवशी अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवून येथील पहिली मालिका जिंकली. तो गणेश चतुर्थीचा दिवस होता आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. आपण त्या दिवशी ओव्हलवर होतो असे सांगणारे चार सभासद मंडळात होते. त्यांपैकी दोघांचा जन्म १९७१ नंतरचा असावा अशी मला दाट शंका आहे, पण संक्रांतीच्या दिवशी गोडच बोलायचे असल्यामुळे मी ती कधी बोलून दाखवली नाही. विंबल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारा शेवटचा ब्रिटिश खेळाडू कोण, याचे १९३६ चा फ्रेड पेरी हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे बिनधोक वापरत होतो. २०१३ साली अँडी मरे जिंकला आणि माझ्या वहीतील एक हुकमी पान बाद झाले.

मनोरंजनाच्या फेरीत १९६० पासून चालणारी दूरचित्रवाणी मालिका ‘कोरोनेशन स्ट्रीट’ आणि १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर असलेले ‘द माउसट्रॅप’ यांपलीकडे आमच्या पिढीचा पाड लागत नसे. अपवाद एकच. क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी कोणत्या भारतीय गिरिस्थानी शाळेत शिकला, या प्रश्नावर मुले एकमेकांकडे पाहत राहिली आणि वाईच्या एका वहिनींनी, ज्यांनी त्याचे एकही गाणे ऐकले नव्हते, ‘आमच्या पाचगणीला’ असे खुर्चीतूनच ओरडून सांगितले. उत्तर लिहून द्यायचे असते हा नियम मोडल्याबद्दल त्यांच्या गटाचा अर्धा गुण कापावा लागला.

२००५ च्या अखेरीस नागरिकत्वासाठी सरकारी परीक्षा सुरू झाली. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी अठरा उत्तरे बरोबर, असे तिचे स्वरूप असल्यामुळे नवी मंडळी आमच्या तिळगुळाला वही-पेन घेऊन येऊ लागली. मला ते फारसे रुचले नाही. पोटापाण्यासाठी घोकणारा माणूस ‘अकरा क्षयतिथी’ ऐकून हसत नाही, तो ते वहीत लिहून घेतो. सुदैवाने परीक्षा दिली की तीच माणसे पुढच्या वर्षी मोकळेपणाने चुकायला येत.

मी प्रश्न काढले त्यातील शेवटच्या वर्षी राजगड आणि प्रतापगड या दोन गटांचे गुण अखेरीस समसमान झाले. अशा वेळी एक आकडा विचारायचा आणि ज्याचा अंदाज जवळचा तो विजेता, असा शिरस्ता होता. लंडनच्या आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या ‘मॉन्युमेंट’ या स्तंभाला आतून किती पायऱ्या आहेत, असे मी विचारले. स्तंभाची उंची २०२ फूट आहे आणि जेथे आग लागली त्या पुडिंग लेनमधील बेकरीपासून तो तितक्याच अंतरावर आहे, हे सर्वांना तोंडपाठ होते, म्हणून राजगडने बराच हिशेब करून २७० लिहिले. प्रतापगडच्या कागदावर ३११ होते. नेमका तोच आकडा माझ्या कागदावर असल्यामुळे राजगडवाल्यांनी प्रश्न फुटल्याचा आरोप केला आणि सूत्रसंचालकांनी मोठ्या गंभीरपणे प्रतापगडला उत्तर कोठून मिळाले याची विचारणा केली. त्या गटात साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या एक आजी होत्या. त्या शालीतून हात बाहेर काढून म्हणाल्या, ‘अहो, गेल्याच आठवड्यात नातवाबरोबर चढले ना मी. गुडघे दुखतात म्हणून पायरीला एक नाम घेत गेले. वर पोचले तेव्हा दोन माळा पुऱ्या झाल्या होत्या आणि तिसरीचे पंच्याण्णव मणी.’ सूत्रसंचालकांनी खिशातून पेन काढले, माझ्या प्रश्नपत्रिकेच्या मागे एकशे आठ दुणे दोनशे सोळा असे लिहिले, त्यात पंच्याण्णव मिळवले आणि ढाल आजींच्या मांडीवर ठेवली.