अधूनमधून जाम होणारे इंजिन : नोंद तिसरी

देवगडच्या घरची माझी जुनी, 796 सीसीची तीन सिलिंडरची गाडी अजूनही कधी पहिल्या किल्लीला सुरू होते, तर कधी 'टक्' असा एकच आवाज येतो, हेडलाइट मंदावतात आणि पुलीच्या बोल्टला पाना लावूनही क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) हलत नाही. गॅरेजमध्ये इंजिन उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. परंतु पिस्टन किंवा बेअरिंग खरोखर धरले असते, तर तेच इंजिन तासाभराने पूर्वीसारखे सुरळीत चालले नसते, असे मला वाटत राहिले.

जाम असतानाच पुलीवरचा, अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवणारा पट्टा काढला. अल्टरनेटर आणि वॉटर पंप हाताने सहज फिरले, क्रँक मात्र तसाच अडकलेला. तिन्ही प्लग कोरडे निघाले, म्हणजे हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलमधून) सिलिंडरमध्ये पाणी उतरण्याची शंकाही मिटली.

मग पुलीवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि प्रत्येक वेळी ती कुठे थांबते ते वहीत टिपले. दहा दिवसांत पाच वेळा इंजिन अडकले, त्यांपैकी चार वेळा खूण एकाच जागी होती. इंजिन बंद होताना शेवटचा पिस्टन कॉम्प्रेशनवर चढू शकत नाही म्हणून क्रँक तिथेच थांबतो, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा 120 अंशांच्या अंतराने तीनच येतात. त्यामुळे सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरची) गरारी, म्हणजे लहान दातेरी चाक, वर्षानुवर्षे फ्लायव्हील रिंगच्या (क्रँकला जोडलेल्या जड चाकावरच्या दातेरी कड्याच्या) त्याच तीन भागांवर आदळून तेथील दात झिजवते. इंजिन एरवीही याच तीन जागी थांबत असल्याने तेवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हते, पण एकाच जागेचा हा आग्रह मला महत्त्वाचा वाटला.

सहाव्यांदा अडकल्यावर बॅटरीची अर्थ काढून सेल्फचे बोल्ट नुसते सैल केले. 'कट्' असा आवाज आला आणि क्रँक मोकळा झाला, म्हणजे सेल्फची गरारीच रिंगमध्ये अडकत होती! इतक्या दिवसांत एवढा आनंद कशानेच झाला नव्हता.

सेल्फ बाहेर काढून त्या भोकातून पाहिले, तर रिंगच्या दातांची टोके त्या जागी गोल झाली होती. बेंडिक्स (सेल्फचा गरारीसह पुढे सरकणारा भाग) ज्या पिळाच्या दातेरी शाफ्टवर सरकतो, त्यावर खाऱ्या हवेचा गंज आणि जांभ्याच्या लाल धुळीने घट्ट झालेले ग्रीस होते. शाफ्ट रॉकेलने पुसून अगदी हलके तेल लावले. बेंडिक्स मात्र रॉकेलात बुडवू नये, कारण आतल्या एकदिशा (एकाच दिशेने पकडणाऱ्या) क्लचचे वंगण धुऊन जाते.

बारा दिवसांत पुन्हा जाम झालेले नाही, तरी रिंग झिजलेली आहेच. पाऊस सरल्यावर गिअरबॉक्स उतरवून, रिंग तापवून काढायची आणि 60 अंश फिरवून बसवायची आहे, म्हणजे गरारीसमोर न झिजलेले दात येतील. तोपर्यंत अडकलीच, तर किल्ली काढून, चौथा गिअर टाकून अंगणातच गाडी मागेपुढे हलवून अडकलेली गरारी सोडवणार आहे, आणि पुलीवरची खूण टिपणे चालूच ठेवणार आहे.