धरण म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे

शेतातल्या मातीच्या बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, चार मीटरने रुंद करायचा होता, एवढंच. जेसीबीचं जेमतेम चार दिवसांचं काम. त्याच्या परवानगीला सात महिने लागले आणि त्यातले साडेपाच एका टेबलावर गेले. अजूनही त्या कार्यालयासमोरून एसटी गेली की मी मान दुसरीकडे वळवतो.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. 1972 च्या दुष्काळाच्या काही वर्षं आधी आजोबांनी शेतातल्या नाल्यावर पदरचे पैसे घालून मातीचा बांध घातला. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याच्या बाजूला पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर. उंची सात मीटर, लांबी शंभराच्या आसपास. खाली हाकेच्या अंतरावर पावरा आदिवासींचा पाडा आहे. त्या बांधावर आमच्या विहिरी आणि केळी तगल्या, हे खरंच. पण पायथ्याला कायम ओल असायची आणि आई तिथे अळू लावायची.

2 जुलै 2019 च्या रात्री कोकणात तिवरे धरण फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती, तरी नंतर खापर फुटलं खेकड्यांवर. त्यानंतर त्या अळूची भाजी मला गोड लागेना. तरी हालचाल करायला मी तीन वर्षं लावली, तेव्हा फार शहाणपणा सांगत नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता आमच्या गावात आहेत, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. आले तेव्हा बांधावर चढलेसुद्धा नाहीत. थेट पायथ्याशी जाऊन बसले आणि विचारलं, "पानी गढूय येस का निर्मय?" निर्मळ, मी म्हणालो. मग घाबरू नको म्हणाले. मातीचा बांध थोडा झिरपतोच. झिरपलेलं पाणी गढूळ झालं, म्हणजे ते पोटातली माती घेऊन निघालं आणि आत पोकळी पडत चालली. चर खणून ते एका जागी आणायचं, खाली पंधरा लिटरचा डबा लावायचा आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचं. तलावाची पातळी तीच असताना डबा लवकर भरायला लागला, की समजायचं.

त्यांना खरी भीती वाटली ती सांडव्याची. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की काही तासांत खेळ संपतो. आणि आम्ही काय करायचो? दरवर्षी भाद्रपदात सांडव्यात वाळूची पोती रचून फूटभर पाणी जास्त अडवायचो. वडील करायचे म्हणून मीही करायचो, वर कौतुकाने लोकांना दाखवायचो. जिभाऊंनी ती पोती पाहिली आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ग्रामसभेचा ठराव झाला, तलाठ्याचा पंचनामा झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये फाइल जिल्ह्याच्या त्या टेबलावर पोचली.

टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "उंची किती?" सात मीटर. "मग हे धरणच नाही." 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटींवर. आमचं कशातच बसत नाही, तेव्हा तपासणी आमच्याकडे मागू नका. बरं, म्हटलं, मग मी सांडवा खणून घेतो. "तसं कसं? नाला सरकारचा आहे!" तेही खरं, जमीन महसूल संहितेचं कलम 20 तेच सांगतं. म्हणजे मदत मागायला गेलो की तो शेताचा बांध, आणि हात लावायला गेलो की शासकीय नाल्यातलं बांधकाम.

मग त्रुटी निघू लागल्या. पहिली, नकाशा जोडलेला नाही. जोडला. दुसरी, "धरणाचे नाव व संकेतांक नमूद नाही". ज्या कार्यालयाने हे धरण नाही असं सांगितलं, त्याच कार्यालयाचं हे पत्र! तिसरी, मूळ मंजुरी आदेशाची प्रत. आजोबांना मंजुरी कोणी दिली असेल तर ती ओट्यावर चहा पिता पिता. साहेब कधी मीटिंगला, कधी साइटवर, कधी निवडणुकीच्या कामाला. चोपड्याहून जाऊन येऊन दिवस मोडायचा, आणि हे ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. एकदा तर मी टेबलावर हात आपटला. त्याने काहीही होत नाही, फक्त पुढच्या वेळी शिपाई पाणी विचारत नाही.

सुटलं ते दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पने. पुतण्या म्हणाला, काका, ते मागतात तोच कागद आपण त्यांच्याकडे मागू. माहिती अधिकारात अर्ज टाकला की आमच्या गटातल्या बांधाच्या मंजुरीची प्रत द्यावी. मुदत तीस दिवसांची, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं: "सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही." तेच पत्र त्रुटीच्या उत्तराला टाचलं. साहेबांनी स्वतःच्याच कार्यालयाची सही उलटसुलट करून पाहिली आणि फाइल पुढे सरकवली. बारा दिवसांत परवानगी हातात. त्या दिवशी स्टँडवर मी एकट्याने दोन प्लेट शेवभाजी खाल्ली.

हो, एक राहिलंच. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. माझा पहिला अर्ज "आलाच नाही" ठरला होता. आणि अर्जात "धरण दुरुस्ती" हा शब्द लिहू नका, "सांडवा रुंदीकरण" एवढंच लिहा.

बांधावरची मोठी झाडं भरल्या तलावात उपटू नका. मुळं कुजली की त्यांच्याच वाटेने पाणी घुसतं, म्हणून उन्हाळ्यात मुळासकट काढून खड्डा थराथराने चोपून भरायचा. साळिंदराच्या बिळाचंही तसंच, नुसतं तोंड लिंपून भागत नाही. पाणी एकदम उपसून तलाव रिकामाही करू नका, आतल्या बाजूची ओली माती घसरते. आमच्या भाऊबंदांपैकी एकाने हे करून पाहिलं आहे.

काम पावसाच्या तोंडावर, मे 2023 मध्ये उरकलं. डब्याचे आकडे आता गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहितो. चुलतभावाने परवा पुन्हा पोत्यांचा विषय काढला. पोती मी आधीच कांदे भरायला दिली आहेत.