पंचवीस अक्षरांची इस्टेट

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की जुन्याची वाटणी सुरू होते. हार्ड डिस्क काढून डबीत घालता येते, मॉनिटर तसाच चालतो, कीबोर्ड-माऊसला तर नव्या-जुन्याचं काही सोयरसुतकच नसतं. घोडं अडतं ते विंडोजपाशी. एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू पुन्हा का घ्यायची? काटकसरी मनाला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, आणि बसू देऊही नये.

सगळं अवलंबून असतं ती आपल्याकडे कोणत्या वाटेनं आली यावर. वेगळी विकत घेतलेली, म्हणजे रिटेल प्रत असेल तर ती आपली. जुन्या मशीनवरून काढा, नव्यावर टाका. अट एवढीच की एका वेळी एकाच ठिकाणी. पण मशीनसोबत आधीच टाकून आलेली, म्हणजे ओईएम असेल, तर ती त्या मशीनचीच. पहिली म्हणजे घरातलं लाकडी कपाट, दुसरी म्हणजे भिंतीत बसवलेलं. दोन्हींचे पैसे आपणच दिलेले असतात, पण घर सोडताना ट्रकमध्ये एकच चढतं.

बहुतेकांना आपलं कपाट कुठलं हे ठाऊकच नसतं. बघणं मात्र सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर लिहायचं, एक जागा सोडायची, तिरपी रेघ आणि डीएलआय (slmgr /dli). क्षणभर काहीच होत नाही, मग एक छोटीशी चौकट उघडते. त्यात वर्णनाच्या ओळीत 'रिटेल' दिसलं तर जीव भांड्यात पडतो. 'ओईएम' दिसलं तर चौकट बंद करून नव्या खर्चाची मनाशी तयारी करायची.

गंमत म्हणजे 'मशीन' कशाला म्हणायचं, यावर आपलं आणि विंडोजच्या परवान्याचं एकमत नाही. आपल्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे समोर दिसतं ते सगळं. परवान्याच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे मदरबोर्ड, बाकी सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. रॅम वाढवा, डिस्क बदला, ग्राफिक्स कार्ड बदला, सहसा तक्रार नसते. मदरबोर्ड बदलला की तोच डबा, तेच टेबल, तरी तुम्ही परके. फक्त बिघडला म्हणून बदललेल्या बोर्डाला ओईएममध्येही माफी आहे. हौसेनं बदललेल्याला नाही.

पूर्वी या परवान्याला निदान शरीर होतं. लॅपटॉपच्या पोटावर एक स्टिकर असायचा, त्यावर पाच-पाचच्या पाच गटांत पंचवीस अक्षरं. चुकून शब्द तयार होऊ नयेत म्हणून त्यांत स्वर ठेवलेले नसायचे. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय', पाच आणि 'एस' या फसव्या जोड्याही वगळलेल्या. 'बी' आणि आठ मात्र दोघंही हजर! मांडीवरच्या घामानं आणि पोटातल्या उष्णतेनं स्टिकर पुसट झाला की हीच जोडी भिंग हातात घ्यायला लावायची. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, नव्या मशीनमध्ये ही पंचवीस अक्षरांची 'की', म्हणजे किल्ली, मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून येऊ लागली. पुन्हा विंडोज टाकताना ती आपणहून सापडते, ही सोय खरीच. पण भिंतीतल्या कपाटाला वरून सिमेंटही लागलं.

विंडोज १० मध्ये परवाना आणखी हवेत गेला. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला तो २०१६ पासून जोडता येतो. परवाना हलवण्याजोगा असेल, तर नव्या बोर्डावर ॲक्टिव्हेशनच्या, म्हणजे परवान्याची पडताळणी होते त्या, पानावर जाऊन 'हार्डवेअर नुकतंच बदललं आहे' असं सांगायचं, की आपल्या जुन्या मशीनची यादी समोर येते. इथे खरी परीक्षा. कारण मशीनला नाव देण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि यादीत दिसतात 'डेस्कटॉप'पुढे वेडीवाकडी अक्षरं लावलेली एकाच कुळातली नावं. त्यातला आपला कोण, हे ओळखून दाखवायचं! (नवं मशीन हाती आलं की सर्वांत आधी त्याचं बारसं करावं, हा माझा आग्रह यातूनच.)

मायक्रोसॉफ्टचा उदारपणाही मधूनमधून दिसला. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना विंडोज १० फुकट देण्याची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली, पण दार लोटलेलंच राहिलं. मोडीत निघालेल्या मशीनच्या जुन्या 'की' लोक त्यानंतरही वर्षानुवर्षं चालवत होते. कडी लागली ती सप्टेंबर २०२३ मध्ये.

मला मात्र सगळ्यांत आवडायची ती फोनवरची पद्धत. सन २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरगुती विंडोजला ॲक्टिव्हेशन आलं, आणि इंटरनेट नसेल तर फोन लावायचा. पडद्यावरचे आकड्यांचे नऊ गट एका यांत्रिक आवाजाला सावकाश सांगायचे. मग तो विचारायचा, ही प्रत किती कॉम्प्युटरवर टाकली आहे? एवढा हार्डवेअरचा ताळा घेणारी यंत्रणा या एका मुद्द्यावर आपल्या शब्दावर विसंबायची. जुन्या मशीनवरून विंडोज खरोखरच पुसलेली असली, की 'एक' हे उत्तर जरा खणखणीत निघायचं.