शिक्क्यापायी अडलेला शिक्का

माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, की शिवकाळातला कागद पुरा. माझा अर्ज शिक्क्यापाशीच सात आठवडे अडून राहिला. आणि अर्ज कशाचा, तर शिक्काच बघू द्या म्हणून!

एका दिनदर्शिकेसाठी मानचिन्हांची चित्रं काढायची होती. त्यात दोन माझ्या आवडीची: सीतेची वेणी हे ऑर्किड आणि शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा. वेणी हे आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं राज्यफूल. आसामात तिला कोपौ म्हणतात, बिहूला बायका अंबाड्यात माळतात. आमच्याकडे ती गावच्या आंब्यावर लोंबते. जूनमध्ये फुलल्यावर खाली खुर्ची टाकून बसले, दोन सकाळी गेल्या, झालं. (एका वेणीला शंभरावर फुलं असतात. दोन-चार भिंगाखाली नीट बघा, जांभळी जीभ आणि तिच्यामागची पिशवी कळली की बाकीची जमतात. तोडू मात्र नका.)

मुद्रेचं तसं नाही. छापील नकला पैशाला पासरी, पण 'प्रतिपच्चंद्रलेखेव'मधलं जोडाक्षर प्रत्येकीत वेगळं. नौदलाने २०२२ मध्ये निशाणावर अष्टकोन घेतला, तोही नुसता आकार. म्हणून मूळ ठसाच बघायचं ठरवलं.

दफ्तरखान्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "संस्थेचं पत्र आणा, गोल शिक्क्यासह." माझी संस्था म्हणजे जेवणाच्या टेबलाचं एक टोक. कॉलेजातल्या जुन्या सरांनी पत्र दिलं. शिक्का निघाला लंबगोल. परत. मग गोल मिळाला, तर, "मॅडम, नाव वाचता येत नाही." परत. तिसऱ्यांदा गेले तर सही करणारे साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मी बोललेच, "साडेतीनशे वर्षांपूर्वीचा शिक्का वाचता येतो, आणि यांचा वाचता येत नाही होय?" समोरच्यांनी शांतपणे पत्र परत माझ्याकडे सरकवलं.

तेव्हा एक करा: पत्र आणायला जाताना नवं स्टॅम्पपॅड स्वतः घेऊन जा. चाळीस-पन्नास रुपयांत माझा महिना वाचला असता. आणि दीड ते अडीच खिडकीकडे फिरकू नका. हो, आत पेन चालत नाही. शिसपेन्सिली घरूनच टोकदार करून न्या.

शेवटी शिवकाळातला कागद समोर आला. खाली 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब, लहानशी, ठसठशीत. वर मुद्रा, आणि तिचा एक कोपरा पुसट! शाई लागलीच नव्हती. तिथली दोन अक्षरं काही केल्या लागेनात. मी मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

कोपरा जसा होता तसाच काढला. दिनदर्शिकावाल्यांनी तो भरून मागितला. नाही दिला.