आईची सुई

रोज रात्री नऊला आईच्या मांडीत टेरिपॅराटाइड, म्हणजे ठिसूळ हाडं बळकट करायचं औषध, टोचते, २० मायक्रोग्रॅम. माहितीपत्रक वाचलं आणि हबकलेच. हे तर गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचाच तुकडा, ८४ पैकी पहिली ३४ अमिनो आम्लं! हे संप्रेरक सतत पाझरत राहिलं तर हाडं पोखरली जातात, कॅल्शियम रक्तात उतरतं, फॉस्फेट लघवीवाटे जातं. आणि तेच हाडं बांधायला? गंमत वेळेत आहे. दिवसातून एकदाच, थोडा वेळ चढून उतरलं की हाड रचणाऱ्या पेशी आधी जाग्या होतात, पोखरणाऱ्या मागाहून.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "तुझ्यासारखंच की! रोज एकदा बोललीस तर बरं वाटतं, दिवसभर बोललीस की डोकं पोखरतेस."

औषध भरलेलं सुईचं पेन २८ दिवसांनी बदलायचं असतं. उद्या अठ्ठाविसावा.