पाय धुवायचे की पुसायचे

इराकमधल्या नजफला, नबींचे जावई अली यांच्या रौज्यासमोर, म्हणजे कबरीसमोर, धड उभंही राहता आलं नाही, मागचा लोंढा ढकलतच होता. मग करबलेचा रस्ता, साधारण ८० किलोमीटर. दर ५० मीटरवर नंबराचा खांब आणि एकसारखे दिवस. अर्बईनला, म्हणजे अलींचे पुत्र हुसैन करबलेत शहीद झाले त्याच्या चाळिसाव्याला, सफर महिन्याच्या २० तारखेला पोहोचायचं होतं.

मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, शाफई पंथाचा सुन्नी. सोबतचा दोस्त डोंगरीचा शिया. "तू कशाला त्यांच्यात?" असं घरी विचारून झालं होतं. हुसैन काय फक्त त्यांचे? नमाजमध्ये दरूद, म्हणजे नबींसाठीची दुआ, पढताना 'आल-ए-मुहम्मद', नबींचं घराणं, असं आम्हीही म्हणतोच की.

दोस्ताला मात्र वाटेत गदीर-ए-खुम समजावायची हुक्की आली. ६३२ साली नबींनी तिथे अलींचा हात धरून जे सांगितलं, ते शिया-सुन्नी दोन्हीकडच्या हदीसांत, नबींच्या वचनांच्या नोंदींत, आहे. ती वारसाची घोषणा होती की अलींवर प्रेम ठेवायची ताकीद, इथेच गाडी अडते. "मग सकीफात काय झालं, सांग!" नबींनंतर अबू बक्र खलिफा ठरले ती बैठक. अरे बाबा, कानाशी भोंग्यावर नौह्याचं शोकगीत, टाचेत आग, आणि अबू बक्र की अली हे तुला आत्ता मिटवायचंय?

सातशेव्या खांबाच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड फुटला. एका मौकिबातल्या, म्हणजे वाटेवरच्या सेवेच्या तंबूतल्या, म्हाताऱ्याने दंड धरून मला खुर्चीत बसवलं. मोजा कातडीला चिकटला होता. त्याने कोमट पाण्याने तो भिजवला, मग कात्रीने कडेकडेने कापत सोडवला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, माझा घाणेरडा पाय मांडीवर घेऊन बसलेला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मलम, पट्टी, मग इवल्या काचेच्या पेल्यात काळा चहा, तळाशी बोटभर साखर. मला रडू फुटलं. तेवढ्यात दिसलं, कुणीतरी माझी चप्पल घालून गेलं होतं. डोकंच फिरलं.

जुहरची, दुपारच्या नमाजची वेळ झाली. वजू, म्हणजे नमाजआधीची पाण्याची शुद्धी, करताना दोस्ताने पावलांवरून ओला हात फिरवला, झालं. आम्हाला घोट्यापर्यंत धुवायचे. आयत एकच, पाचव्या सूरेतली सहावी. भांडण तिच्या वाचनाचं. "ये आमच्यात, पाय वाचतील," दोस्ताने डोळा मारला. म्हटलं, जखमेला सवलत आमच्याकडेही आहे: पट्टीवर ओला हात, वर तयम्मुम, म्हणजे मातीने शुद्धी.

त्यांचे हात मोकळे, सजद्यात कपाळाखाली करबलेच्या मातीची टिकिया. माझे हात बांधलेले. खरं तर मालिकी पंथाचे सुन्नीही बहुतेक हात सोडूनच उभे राहतात, पण हे तिथे कुणाला सांगणार? जुहरला जोडून असर, तिसऱ्या प्रहरची नमाज, पढलो. ते एरवीही जोडतात, आम्हा शाफईंना प्रवासात मुभा आहे. एवढ्या एका बाबतीत दोस्ताला बोलायला जागा उरली नाही.

म्हातारा माझ्या हातांकडे बघत होता. सलाम फिरवल्यावर काहीतरी म्हणाला. नजफच्या मदरशात शिकणाऱ्या एका लखनवी पोराने सांगितलं, "पूछ रहे हैं, कुर्द हो क्या?" तिकडचे कुर्द बहुतेक शाफई, त्यामुळे अंदाज काही वाईट नव्हता. म्हटलं, नाही, कोकणी. ते अरबीत कसं सांगायचं, हे त्या पोरालाही कळेना. म्हाताऱ्याने दुसरा चहा ओतला.

करबलेत शिरलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. दोस्त मातमात शिरला. मी छाती पिटली नाही. लांबूनच घुमटाकडे तोंड करून फातिहा पढलो, चार धक्के खाल्ले आणि झोपायला जागा शोधायला निघालो.