वैरणीची वेळ

पावतीवर लिहिलं होतं, ‘मिक्स आफ्रिकन, नग ६’. माशांची पिशवी काचेच्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवून मी हात पुसायला वळलो, तेवढ्यात आई म्हणाली, “सात हायत.”

आईचं मोजणं वेगळं असतं. ती एकापासून सुरुवात करत नाही. खळ्यावर ज्वारी मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नसतं, ‘लाभ’ म्हणायचं. माप बदललं, मासे आले, तरी लाभ तो लाभच. लाभ, दोन, तीन करत तिनं सात भरवले. सातवा करड्या रंगाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, बाकीच्यांच्या पोटाखाली दडून होता. दुकानदाराचा हिशेब चुकला होता की गिऱ्हाईक जोडायची त्याची ती रीत होती, कोण जाणे. मी परत जाऊन विचारलं नाही, हे कबूल करतो.

लातूरसारख्या गावात बैठकीच्या खोलीत अडीचशे लिटर पाणी नुसतं बघायला ठेवायचं म्हणजे उधळपट्टीच. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या या टाकीत मासे नव्हतेच. तिच्यात भांडी घासायचं पाणी साठवलेलं असायचं. पुढे बरे पाऊस झाले तेव्हा मी एंजल आणले, तर बोअरच्या पाण्यात त्यांनी महिनाभरातच मान टाकली. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनी शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरं किटण धरतं. एंजल पडले ॲमेझॉनकडचे, मऊ पाण्यातले. मग कुठंतरी वाचलं की आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी असंच जड आहे, सामू म्हणजे पीएच आठच्या आसपास, आणि तिथल्या सिक्लिड माशांना तेच मानवतं. सिक्लिड हे कूळ मोठं. एंजलही त्यातलाच आणि हेही त्यातलेच. पण भाऊबंदांना एकाच विहिरीचं पाणी चालतं असं थोडंच आहे? ज्या पाण्याला घरादारानं आयुष्यभर नावं ठेवली ते कुणाचं तरी माहेरचं पाणी निघालं, याचा मला उगाच आनंद झाला.

“ह्यांचं गाव कोणतं?” आईनं विचारलं.

ज्याची लांबी लातूर ते मुंबई या अंतरापेक्षाही जास्त असं एक तळं आहे, तीन देशांच्या मध्ये, असं मी सांगितलं. आमच्या धरणात मिळणारी चिलापी याच कुळातली, तीही आफ्रिकेचीच, १९५२ साली आपल्याकडे आणलेली, हेही सांगितलं. आई माळकरी. चिलापीचं नाव ऐकून तिनं पदर सावरला. पण टाकीपासली खुर्ची काही सोडली नाही.

नवे मासे आणले की पिशवी वीसेक मिनिटं तरंगत ठेवायची, अधूनमधून टाकीतलं पाणी पिशवीत घालायचं, पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतायचं नाही. टाकीतले दगड इकडचे तिकडे करून ठेवायचे, म्हणजे आधीपासूनचा कुणी असेल तर त्याची मालकी मोडते आणि सगळेच नवे होतात. दिवा बंद. आणि पहिल्या दिवशी खाणं नाही. या शेवटच्या नियमावरून घरात भांडण झालं.

“काय करलालास रे? पाव्हणे दारात आले आन् पहिल्याच दिवशी उपाशी ठेवलास?”

दुसऱ्या दिवसापासून ओळख पटवायचं काम सुरू झालं. मी फोन घेऊन बसलो. त्यातले दोन सोपे होते. पिवळेधमक, पाठीवरच्या पराला काळी कड. लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. सेरुलियसचा लॅटिनमध्ये अर्थ निळा! ज्या पहिल्या माशांवरून नाव पडलं ते निळसर पांढरे होते, आणि जगभरच्या टाक्यांत पोचले ते पिवळे. एकाला सोनेरी अंगावर काळे आडवे पट्टे. एक नारिंगी. एकाच्या नारिंगी अंगावर काळे शिंतोडे. एक फिकट निळा, तोंडाशी काळवंडलेला. आणि तो सातवा. एकेका माशापुढं मी पन्नास फोटो बघायचो आणि शेवटी पन्नासही त्याचेच वाटायचे. या माशांत नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, पिल्लाचा तिसराच. भांडणात हरला की तोच मासा फिका पडतो. वर दुकानांत येतात ते बहुतेक एकाच हौदात वाढलेले, त्यामुळं संकरित किती आणि अस्सल किती हे ठरवायला काही आधारच नाही.

“म्हणजे जर्शी,” आई म्हणाली.

तिचं काम एका दुपारीत उरकलं होतं. आईचं माहेर उदगीरकडचं, घरी देवणी गुरं. देवणीत पांढरीशुभ्र ती बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळी ती वानेरा, अंगावर काळे ठिपके ती शेवरा. त्याच हिशेबानं फिकट निळा झाला वानेरा, शिंतोड्यांचा शेवरा. पिवळे दोघं हळदे. पट्ट्यांचा पट्ट्या, नारिंगी तो तांबडा. सातव्याला तिनं नाव ठेवलं नाही. “थांब जरा, खाताना बघू,” म्हणाली. मला तेव्हा ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. शेवऱ्यासारख्या माशांना शौकीन लोकही अंगावरच्या डागांवरूनच हाक मारतात, हे मला नंतर कळलं.

चारा टाकायची वेळ सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. मिनिटाभरात संपेल एवढाच टाकायचा. आई पाच मिनिटं आधी खुर्चीत. माशांचं खाणं इतकं निरखून बघण्यासारखं असतं हे मला तिच्यामुळं कळलं. हळदे दोघं घाई करत नाहीत, दगडाला चोच मारल्यासारखं करत एकेक दाणा उचलतात. वानेरा सरळ वर येऊन पाण्याची साय खाल्ल्यासारखा खातो. शेवरा तोंडात तीन दाणे कोंबून कोपऱ्यात जातो. पट्ट्या आधी खातच नाही. आधी बाकीच्यांना हाकलतो, मग खातो, तोवर दाणे तळाला गेलेले असतात. त्यावर उपाय सापडला, दोन्ही टोकांना एकदमच चारा टाकायचा. एका वेळी दोन गव्हाणी राखता येत नाहीत.

घास गिळल्यावर त्यांचे गाल बराच वेळ हलत राहतात. सिक्लिडच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते; तोंडानं पकडायचं आणि आतल्या जबड्यांनी दळायचं. “रवंथ करलालाय,” आई म्हणाली. रवंथ म्हणजे गिळलेलं परत वर आणणं, हे तसं नाही, हे मी तिला सांगायला गेलो. गुरांत वाढलेल्या बाईला रवंथ समजावून सांगायला निघालो होतो! तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं.

माझं शहाणपण उतरलं ते तिसऱ्या आठवड्यात. फ्रीझरमधले ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, मासे हावरेपणानं खातात, म्हणून मी चार-पाच दिवस तेच टाकत राहिलो. तांबडा सगळ्यांत जास्त खायचा. मग एका सकाळी त्यानं दाणा तोंडात घेतला आणि थुंकला. परत घेतला, परत थुंकला. संध्याकाळपर्यंत पोट टम्म.

“पोटफुगी,” आई म्हणाली. “काय चारलास?”

ओला घास भरपेट खाल्लेल्या गाईला गोडेतेल पाजतात, ते माशाला कसं पाजायचं यावर तिनं खरोखर विचार केला. तांबडा चौथ्या दिवशी गेला. मलावीतले हे मासे म्बुना म्हणून ओळखले जातात, खडकांत राहणारे. दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून जगतात. आतडं लांब, पालापाचोळा पचवायला केलेलं. त्यात मी रोज मटण ओतत होतो. पोटफुगीचं कारण काही एकच नसतं, नव्या जागेचा ताणही असतो, असं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही. तांबड्याला कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलं. टाकीतून काढलेलं पाणीही त्यालाच जातं.

त्यानंतर चारा बदलला. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचे हिरवे दाणे, उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पानं, साल काढून चुरडलेला मटार. आठवड्यातून एक दिवस लंघन. वार आईनं ठरवला, शनिवार. ती स्वतःही धरते.

पुढं दोनेक महिन्यांनी पट्ट्या हरवला. टाकीत त्याच्या जागी एक काळपट तपकिरी मासा, अंगावर फिकट रेघा. मी दगड उचलून बघितले, टाकीच्या मागं टॉर्च मारली, उडी मारून पडला असेल म्हणून सोफ्याखाली झाडू फिरवला.

“अरे, त्योच हाय. वैरण टाक, मग कळंल.”

टाकली. काळा मासा दाण्यांकडं गेलाच नाही. आधी हळद्यांना डाव्या टोकाला पिटाळलं, वानेऱ्याला खाली दाबलं, दोन गिरक्या घेतल्या आणि मग खायला वळला. ऑराटस म्हणतात या जातीला. नर वयात आला, टाकीचा धनी झाला की सोनेरी रंग सोडून काळा पडतो. फोनवर तीन महिन्यांपूर्वीच हे वाचायला मिळालं असतं, पण मी फोटो बघत होतो.

आणि सातवा. तो खाली पडलेल्या चुऱ्यावर जगत होता. आता जरा मोठा झालेला, करड्यावर मळकट नारिंगी झाक. या महिन्यात तो खायच्या वेळी पुढं यायचा, दाण्याशी तोंड न्यायचा आणि तसाच मागं सरायचा. माझ्या पोटात गोळा आला. परत पोटफुगी!

“पोट कुठं फुगलंय? गळा बघ. तोंड मिटून हाय. ‘तो’ न्हाई, ‘ती’ हाय.”

मादी अंडी तोंडात धरते. तीन आठवड्यांच्या आसपास, पिल्लं पोहायला लागेपर्यंत, जवळजवळ काही न खाता. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात, त्यांना अंडी समजून ती उचलायला जाते आणि तेव्हाच तोंडातली अंडी फळतात. हे शेवटचं मी आईला जरा आडवळणानं सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती तीन आठवड्यांवरच अडकली होती. “बाहत्तरला...” असं म्हणाली आणि थांबली. पुढं बोलली नाही. त्या दिवसापासून वैरणीच्या वेळी ती सातवीच्या बाजूला बसते, खुर्ची सरकवून.

काल रात्री लाइट गेली. बॅटरीवरचा पंप घुरघुरत होता. मी मोबाइलची टॉर्च लावली तर दगडांच्या फटीत काहीतरी हललं. नखाएवढी, करडी, सगळी एकसारखी. बाप पट्ट्या, शेवरा की वानेरा, काही कळायला मार्ग नाही. मिक्स आफ्रिकन. सातवी तोंड मोकळं करून बाजूला स्थिर उभी होती.

“टॉर्च खाली धर, त्यांच्या डोळ्यांवर नको,” आई म्हणाली आणि काचेला नाक लावलं. “लाभ, दोन, तीन, च्यार, पाच... थांब, हाललं. लाभ, दोन...”